लाखामागे किती?

अभिमननानांना विमानाची भीती वाटत होती आणि ही गोष्ट असोदा गावात कोणालाच, अगदी त्यांच्या बायकोला, ताईबाईंनाही, ठाऊक नव्हती. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात अख्खी नोकरी काढलेला माणूस. काडतुसं हाताळली, साहेबांना तोंडावर सुनावलं. तो यात्रेतल्या पाळण्यात कधी बसला नाही, इकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मुलगा कुंदन नोकरीसाठी अमेरिकेत, ह्यूस्टनला. अजून बिनलग्नाचा. या वर्षी तुम्ही दोघं याच, असा त्याने धोशा लावला होता. व्हिसाही झाला. नानांनी आधी गुडघा पुढे केला. ताईबाईंनी तो जळगावच्या डॉक्टरला दाखवला. गुडघा ठणठणीत निघाला. मग केळी कापायला आल्याची सबब काढली, तर धाकटा भाऊ बाग सांभाळायला एका पायावर तयार झाला.

अशात एका संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी लागली. नानांना आधी वाईट वाटलं आणि पाठोपाठ सुटल्यासारखं वाटलं.

"तिकडं बंदुका लई," ते म्हणाले. "मले भेव लागते."

ताईबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जन्मभर गोळ्या बनवल्या ना तुम्ही?"

"बनवनाऱ्याले भेव नसते. समोर उभं राहनाऱ्याले असते."

ताईबाईंना ते फारसं पटलं नाही. तेव्हा नानांनी पुराव्यासाठी मुलीला फोन लावला. सुलक्षणा धुळ्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. वडिलांनी तिच्या विषयातलं आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं होतं, त्यामुळे तिने सगळं मनापासून समजावलं. नुसते खून मोजू नका, देश मोठा तर आकडा मोठा. लाख लोकांमागे किती ते बघा. श्रीमंत देशांत अमेरिकेचं लाखामागे वर्षाला पाच-सहा, जर्मनी-इंग्लंडचं एकाच्या आसपास, जपानचं तर पाव. बंदुकीने झालेले तेवढे मोजले तर फरक आणखी वाढतो. जपानमध्ये जवळपास शून्यच. तरीसुद्धा, असं म्हणून ती पुढचं सांगणार, तोच नाना म्हणाले की नेटवर्क जातंय, आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झुलालच्या सलूनमध्ये बसले होते. झुलाल मूळचा धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. त्याने वस्तरा थांबवून सगळे आकडे ऐकले.

"बठ्ठं खरं शे का नाना? जपानमा लोके भांडतस नई का?"

"भांडतेत. पन हातानं."

हे वाक्य गावभर झालं. नानांना पारावर मान मिळू लागला. ज्यांची मुलं परदेशात होती ते येऊन आपापल्या देशाचा आकडा विचारून जात. कॅनडावाले साधारण खुशीत परतत. पंडित पाटलांच्या मुलीला न्यू जर्सीचं स्थळ आलं होतं. त्यांनी मध्यस्थाकडे निरोप धाडला की मुलगा पसंत आहे, फक्त त्याला जपानला बदली मिळते का तेवढं विचारा. मध्यस्थ नानांच्या दारात येऊन तणतणून गेला.

या सगळ्यात ताईबाई गप्प झाल्या होत्या. अमेरिकेचं नावही काढेनात. नाना खूश झाले आणि दोन वेळा भरीत मागून घेऊन जेवले.

मग एका दुपारी ताईबाई जळगावहून दोन नव्या बॅगा घेऊन रिक्षातून उतरल्या. कुंदनला दोघांची तिकिटं काढायला लावली होती, पुढच्याच आठवड्याची.

"लाखामागं सहा, अन् पोरगं तिथं एकटं," त्या म्हणाल्या. "मी त्याले घेऊन येते. नाही आला तं तिथंच ऱ्हाते. जपानले असता तं गेलीबी नसती."

नानांनी घाईघाईने सुलक्षणाला फोन लावला आणि ती त्या दिवशी शेवटी काय म्हणत होती ते विचारलं. ती म्हणत होती की तरीसुद्धा तिथली बहुतेक माणसं रोज कामाला जातात, म्हातारी होतात, उगाच धास्ती घेऊ नये. नानांनी हे जसंच्या तसं ताईबाईंना ऐकवलं. पण आता त्यांचं कोण ऐकणार? गावात तर बोललं जाऊ लागलं की पोराचा पगार बुडू नये म्हणून नाना आकडे दडपताहेत.

शेवटी ते खाटेवर बसले.

"मले विमानाचं भेव लागते," ते म्हणाले. "गोळ्यांचं नाही."

ताईबाई बॅगेत साड्या भरत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मले बी लागते. म्हनून तं तुमाले नेऊन राह्यली. एकटीनं घाबरनं मले जमत नाही."

नानांनी विचारलं, तिथे थंडी असेल का, स्वेटर घ्यावा का. ताईबाईंनी तो आधीच घेतला होता.

निघायच्या आदल्या दिवशी सुलक्षणा भेटायला आली. वडिलांना धीर यावा म्हणून तिने विमानाचेही आकडे आणले होते. विमानात माणूस दगावण्याची शक्यता इतकी थोडी, की त्यापेक्षा असोद्याहून जळगावला रिक्षाने जाणं कितीतरी जास्त धोक्याचं, असं तिने सांगितलं. या वेळी नानांनी तिला मध्ये तोडलं नाही. अगदी शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी असोद्याच्या रस्त्याने बॅगा आणि ताईबाईंना घेऊन एक रिक्षा अगदी सावकाश जळगाव स्टेशनकडे चालली होती. रस्त्याच्या कडेने, स्वेटर हातावर टाकून, अभिमननाना पायी चालले होते.