बदकांची सोयरीक

"मान जरा वर घ्या. लाजू नका. सोयऱ्याला रंग दिसला पायजे!"

येलदरी धरणाच्या काठावर, गुडघाभर चिखलात उभं राहून मुंजाजीमामा हे एका बदकाला सांगत होते. बदकानं पाठ फिरवली.

मामा माझे शेजारी. जिंतुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलामुलींचे दाखवायचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता तोच कॅमेरा हिवाळ्यात धरणावर उतरणाऱ्या पाखरांवर रोखलेला असतो. माझ्याकडे मोटारसायकल आहे, हा माझा गुन्हा. त्यामुळे पहाटे त्यांना तिथवर नेण्याची शिक्षा मीच भोगतो.

प्रत्येक पाखराचा एक फोटो उभा, एक चेहऱ्याचा. चमच्या पक्ष्यानं आपली चपटी चोच पाण्यात घातली की मामा भडकतात. "अवो, खायाचं मागून! आधी तोंड दावा!" एकदा शेवाळ चिकटलेला बगळा आला. "असल्या अवतारात कोण पसंत करंल?" म्हणून मामा अडून बसले. बगळा तोंड धुऊन येईपर्यंत आम्ही थांबलो. उशीर का झाला हे कचेरीत साहेबांना सांगायची माझी छाती झाली नाही.

शेवटी मी वैतागलो. "मामा, ह्या फोटोंचं करता तरी काय?"

"चल घरी. तुझी मामी वाट बघायलीय."

आमच्या भागातल्या कितीतरी सोयरिकी मामींनी जमवल्या. माझीसुद्धा. त्याबद्दल माझी तक्रार आहे, पण ते असो. मागल्या उन्हाळ्यात मामींना झटका आला, एक बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेव्हापासून त्या अंथरुणावरच.

मामांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. फोटो समोर धरला. "हे बघ स्थळ. चमच्या. लय खानदानी."

मामींनी डोळे बारीक केले. ओठ थरथरले. "न्हाई. लांब... नाक."

मामांनी आनंदानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "काल निस्तं न्हाई व्हतं. आज नाकापोत्तर आली!" मग हळूच म्हणाले, "मानसांचे फोटो दावले की रडती. पाखरांना नावं ठेवाया बसली की बोलती."

त्या दिवसापासून मी कुरकुर बंद केली.

थंडी सरली. पाखरं परतू लागली तसे मामा हवालदिल झाले. "आता ही बोलंल कशावर?"

शेवटच्या फेरीत चक्रवाकांची एकच नारिंगी जोडी उरली होती. दोघं वेगळी उभी राहीनात. "जमलेलं स्थळ काय दावायचं?" म्हणत मामांनी नाइलाजानं जोडीचाच फोटो घेतला.

मामी तो फोटो बराच वेळ बघत राहिल्या. "जमलं," त्या म्हणाल्या. मग चांगल्या हातानं त्यांनी फोटो बाजूला सारला आणि मामांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"आता... तुमी... बसा."

मामा खाटेच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी बाहेर येऊन मोटारसायकलपाशी उभा राहिलो. त्या दिवशीही कचेरीला उशीर झाला.