न टोचलेला दंड

इड्वल प्रोबर्ट सुईला भीत नसे. तो फक्त तिच्या वाटेला जात नसे. वय शहात्तर, अंगात मधुमेह, छातीत बारा महिने घरघर. फ्लूची लस ज्यांनी आधी घ्यायला हवी, त्यांच्यात त्याचा नंबर बराच वर होता. दवाखान्यातून तीन पत्रं आली. तिन्हीवर त्याने शेगडी पेटवली.

यंदा मात्र त्याची मोठी बहीण नेस्टा हट्टाला पेटली. तिच्या घरी नुकतीच पणती जन्मली होती. "घरात तान्हं पोर आहे," तिने फोनवर बजावलं. "लस घेतल्याशिवाय नाताळच्या जेवणाला माझा उंबरा ओलांडायचा नाही. आणि थापा चालणार नाहीत. बिल्ला दाखवायचा!"

लस घेतली की नर्स कोटावर एक गोल पिवळा कागदी बिल्ला चिकटवत: 'मी फ्लूची लस घेतली.' नेस्टाच्या हातचा भाजलेला हंस हुकण्यापेक्षा फ्लू परवडला, असं इड्वलचं मत होतं. पण हंसही मिळावा आणि सुईही टळावी, असा एक मार्ग त्याला सुचला.

शनिवारी सकाळी चॅपलच्या हॉलमध्ये लसीकरण होतं, तिथे तो गेला. चहा घेतला, दोन वेल्श केक खाल्ले, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून टेबलावरचा एक बिल्ला कोटाला चिकटवला. आता गुपचूप सटकायचं, एवढंच बाकी होतं.

"अरे वा, मिस्टर प्रोबर्ट!" मागून एलुनेड नर्सचा आवाज आला. "घेतलीत? मला तर दिसलासुद्धा नाहीत!"

"त्या पलीकडच्या नर्सबाईंकडून घेतली," इड्वल म्हणाला.

"दुखलं?"

"छे! मुंगीसुद्धा याहून जोरात चावते."

एलुनेडचा चेहरा उजळला. "मग एक काम करा ना. तो ट्रेफोर अर्धा तास दारात उभा आहे. आतही येत नाही, घरीही जात नाही. तुमचं ऐकेल तो."

ट्रेफोर इड्वलचा दगडाच्या खाणीतला जुना सोबती. खाणीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती, आणि गेल्या हिवाळ्यात फ्लूने उरलीसुरली. तीन आठवडे इस्पितळात होता.

"काय रे," इड्वलने त्याला दारातच गाठलं, "सुरुंग उडवताना कान झाकायचा नाहीस, आणि आता एवढ्याशा सुईपुढे गळपटलास?"

"तुला काही झालं नाही?"

"मी काय तुला भूत दिसतोय?"

ट्रेफोरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बिल्ला वाचला आणि निमूट रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे आणखी दोघं आले. इड्वलला चेव चढला. चाळीस वर्षं गायकवृंदात खर्ज लावलेला त्याचा आवाज खाटकाच्या दुकानापर्यंत पोचला. "या, या! मुंगीसुद्धा नाही!" बघता बघता सतरा माणसं जमली. आपण खोटं बोलतोय, हे आता तो स्वतःच विसरला होता.

तेवढ्यात पोस्टातली ऑल्वेन प्रॉसर जवळ आली. नवऱ्यामागे पोस्टाची खिडकी तीच सांभाळायची. इड्वलला पत्र लिहायला जगात कुणी नव्हतं, तरी दर सोमवारी तो तिच्याकडून तिकिटं विकत घ्यायचा.

"इड्वल, मला बाई फार भीती वाटते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही हात धरलात तर घेईन."

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. रांगेनेही त्या दोघांना पुढे सोडलं. इड्वल तिच्याशेजारी बसला, तिचा हात हातात घेतला. एलुनेड यादीत ऑल्वेनचं नाव शोधू लागली. इड्वलने सहज डावीकडे मान वळवली. तिथे दुसरी नर्स खाटकाच्या आईला टोचत होती.

पुढचं त्याला नंतर लोकांनी सांगितलं. आधी चहाचा गाडा कलंडला, मग इड्वल.

डोळे उघडले तेव्हा तो जमिनीवर होता आणि पाय प्रार्थनेच्या पुस्तकांच्या ढिगावर.

"लस बाधली!" कुणीतरी ओरडलं. रांग पांगायला लागली. एलुनेड गुडघ्यावर बसून विचारत होती, "किती वाजता घेतलीत? दंड दाखवा. रुग्णवाहिका बोलवावी लागेल!" आणि ट्रेफोर कोटाची बटणं लावत दाराकडे निघाला होता.

"मुंगी चावून माणूस असा आडवा होतो काय रे?" तो जाता जाता म्हणाला.

हंस इड्वलच्या डोळ्यांसमोर आला, चांगला खरपूस. मग त्याला ट्रेफोरची इस्पितळातली खाट आठवली, आणि रात्रंदिवस सुस्कारे टाकणारं ते यंत्र. तो कोपरावर उठला आणि सगळा खर्ज लावून ओरडला, "ट्रेफोर, थांब! मी लस घेतलेलीच नाही!"

ट्रेफोर दारातच थांबला.

"मग पडलास कशाने?"

"सुई बघून."

"ऑल्वेनची?"

"नाही रे," इड्वल पुटपुटला. "खाटकाच्या आईची."

ट्रेफोर इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. खोकत खोकतच तो परत फिरला. "मी घेतो," तो डोळे पुसत म्हणाला. "पण आधी हा. आणि मला इथूनच बघायचंय."

एलुनेडने इड्वलला उठूच दिलं नाही. आडवं ठेवूनच नेहमीचे प्रश्न विचारले आणि दंडात सुई टोचली. इड्वल किंचाळला, पण सुई बाहेर आल्यावर. हॉलने टाळ्या वाजवल्या. रांग पुन्हा जमली, ट्रेफोरसकट.

"चला, आता मिसेस प्रॉसर," म्हणत एलुनेडने यादीवर बोट फिरवलं आणि थबकली. "अहो, पण तुम्ही तर पाच ऑक्टोबरलाच घेतलीत. औषधाच्या दुकानात."

सतरा माना ऑल्वेनकडे वळल्या. तिचे कान लाल झाले.

"घेतली," ती म्हणाली. "पण तेव्हा हात धरायला कुणी नव्हतं ना."

जमिनीवरून इड्वल तिच्याकडे नुसता बघत राहिला. एलुनेडने खोकून घसा साफ केला. "मिस्टर प्रोबर्ट, आडवे आहातच तर सांगते. तुमची न्यूमोनियाची लसही राहिली आहे. ती दुसऱ्या दंडात. आज देऊ, की पुन्हा कधी येता?"

इड्वलचा चेहरा पुन्हा पांढरा पडू लागला. ऑल्वेनने आपली खुर्ची उचलली, त्याला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन त्याचा हात धरून बसली.

"द्या," इड्वल म्हणाला. "पण सावकाश. घाई नाही."