तिसऱ्या रांगेतला डावा हात

देवेशच्या मते त्याचं लग्न ठरल्यातच जमा होतं! फक्त वाणीच्या अप्पांनी हो म्हणायचं बाकी होतं. म्हणजे सगळंच बाकी होतं.

गेल्या वर्षी अप्पांची, म्हणजे पद्मनाभरावांची, जीभ क्षणभर जड झाली होती. देवेश नेमका चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका कंपनीत पक्षाघात आधीच हेरणारे पट्टे बनवायचा. दोन मनगटांना दोन पट्टे. एक हात हलतोय आणि दुसरा निपचित पडलाय असं दिसलं की फोन बोंबलणार!

"काका, आता तुम्ही माझी जबाबदारी!" म्हणत त्याने एक जोडी अप्पांना बांधली. अप्पांनी त्याच्याकडे भाजीवर फुकट मिळालेल्या कढीपत्त्यासारखं पाहिलं.

तेव्हापासून देवेशला चैन नव्हतं. मीटिंगमध्ये फोन, अंघोळीत फोन. अप्पा उजव्या हाताने डोसा खायचे आणि घास याच्या घशात अडकायचा.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी फोन बोंबललाच. उजवा हात जोरात, डावा ठार थंड! अप्पांचा फोन बंद. त्याने वाणीला गाठलं.

"अप्पा-अम्मा मैलापूरला संगीत सभेत आहेत. गाणं ऐकतायत."

"वाणी, अप्पांचा डावा हात गेला!"

"कुठे गेला?"

तोवर याने अँब्युलन्स बोलावलीसुद्धा.

तो पोचला तेव्हा सभेत तिसऱ्या रांगेत अप्पा डोळे मिटून बसले होते. डावा हात मांडीत मेल्यासारखा. उजवा मात्र मांडीवर आपटत होता, उलटा होत होता, बोटं एकेक करून उचलत होता. नाशिकच्या देवेशने असलं कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या चौघांचीही तीच गत पाहून तो हादरला. साथ आली!

"झटके!" तो ओरडला. गायिका थांबली.

अँब्युलन्सवाला वाकला. "सिरिंग सार, जरा हसा."

अप्पा हसले नाहीत.

"लग्नाच्या फोटोंतही हसले नाहीत हे," अम्मा म्हणाल्या.

"दोन्ही हात वर करा."

एकच वर गेला. देवेशच्या कानाच्या दिशेने.

"काहीतरी बोला."

आता अप्पा बोलले! संतापले की ते तंजावरच्या घरच्या मराठीत शिरायचे. तिथून लवकर बाहेर येत नसत. अँब्युलन्सवाल्याने मान हलवली. "पुरियलै. तुम्हाला कळतंय?"

"अर्धंच!" देवेश प्रामाणिकपणे म्हणाला.

स्ट्रेचर आलं.

इस्पितळात सगळ्या तपासण्या नॉर्मल निघाल्या. "ताल धरत होते हो ते," डॉक्टर म्हणाल्या. देवेश भिंतीत शिरायला जागा शोधू लागला.

पण खाटेवरून अप्पांनीच हाक मारली. "कां हो, म्हणजे हा पट्टा माझा ताल मोजत होता?"

देवेशने धावत आलेख दाखवला. एकसारखी टोकं, गोपुरांची रांग जशी! अप्पा बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. एव्हाना पोचलेल्या वाणीने देवेशचा हात दाबला.

"पोरगा कामाचा आहे हो," अम्मा म्हणाल्या.

"बरें आहे यंत्र," अप्पा म्हणाले. "अचूक दिसतें."

"अचूक म्हणजे काय काका!" देवेश फुलला. "हे बघा, इथे तर तुमची एक टाळी चुकलीय!"

वाणीने डोळे मिटले. अप्पांनी दोन्ही पट्टे शांतपणे सोडले आणि त्याच्या हातात ठेवले.

"वाणी," ते म्हणाले, "ह्यांस ऑटो करून दे."