झाकणावरची चिठ्ठी

ती तपकिरी बिजागरी मनुक्यांच्या बाटलीतून नेवरीत, म्हणजे गोव्याच्या करंजीत, गेली, हे कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नाही. चंद्रावतीबाईंनी पाहिले नाही, कारण तळणीच्या वाफेने चष्मा धूसर होतो म्हणून तो त्यांनी फ्रिजवर काढून ठेवला होता. त्यांच्या सुनेने, क्षमाने, पाहिले नाही, कारण ती त्या वेळी माजघरात बारावीच्या वह्या तपासत होती. आणि ही हकिगत सांगणारी तर त्या दिवशी डिचोलीतच नव्हती. तेव्हा पुढे जे येते, ते साक्षीवर नव्हे, अनुमानावर उभे आहे. (अनुमानाला एका दाताचा आधार होता, पण तो दात दुसऱ्याच प्रकरणातला निघाला.)

सुरुवात एका अगदी निरुपद्रवी निर्णयाने झाली. क्षमा डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जूनमधल्या पालकसभेत कोणा समुपदेशकाने सांगितले, की मुलांच्या छंदात रोज अर्धा तास सहभागी व्हावे. अर्धाच तास का, पंचवीस मिनिटे का नाहीत, असा प्रश्न क्षमाने तिथल्या तिथे विचारला होता. उत्तर समाधानकारक नव्हते. तरीही घरी येऊन तिने निर्णय घेतला, कारण दहा वर्षांची सिद्धी अलीकडे तिच्याशी फक्त गृहपाठापुरते बोलत असे, आणि हे निरीक्षण तिचे स्वतःचे होते.

सिद्धीचा छंद म्हणजे प्लास्टिकचे ब्लॉक. मुरगाव बंदरात नोकरीला असलेला तिचा बाप गौरेश रजेवर येताना तिला एखादे पाकीट आणत असे. सोबतची चित्रपुस्तिका सिद्धी पहिल्याच दिवशी बाजूला टाकी, आणि सगळे ब्लॉक एका लाल बाल्दीत ओती. त्या दिवसांत ती नार्व्याची फेरीबोट बांधत होती. हवा तो तुकडा शोधण्याची तिची पद्धत अजब होती. बाल्दी हलवायची, कान लावायचा, आणि हात घालायचा.

"मी येऊ खेळायला?" क्षमाने विचारले.

सिद्धीने तिच्याकडे नवीन मास्तराकडे पाहावे तसे पाहिले. "ये. पण माझ्या वस्तू हलवायच्या नाहीत."

पहिला आठवडा इतका चांगला गेला, की क्षमाला त्याचा संशय यायला हवा होता. ती खाली चादरीवर बसे, सिद्धी सांगेल तो तुकडा शोधून देई, चुकीचा दिला तर ऐकून घेई. ब्लॉक दाबताना सिद्धीचा अंगठा आपल्यासारखाच मागे वाकतो, हे तिला दहा वर्षांत प्रथमच दिसले. चौथ्या दिवशी सिद्धीने वर न पाहता म्हटले, "उद्या लवकर ये हां." सोळा वर्षांच्या नोकरीत क्षमाला मिळालेले एवढे स्पष्ट प्रमाणपत्र दुसरे नव्हते.

अशा वेळी शहाण्या माणसाने काहीही सुधारू नये. क्षमाने बाल्दी सुधारली.

एका शनिवारी सिद्धी शाळेत असताना तिने अकराशे चाळीस तुकडे रंग, आकार आणि उपयोग यांनुसार सत्तावीस बाटल्यांत लावले. बाटल्या स्वयंपाकघरातून आल्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. फेरीबोटीचा पुढचा फाळका ज्यांवर उघडतो त्या दोन तपकिरी बिजागऱ्या मनुक्यांच्या रिकाम्या बाटलीत गेल्या. बाटल्या खणात उभ्या राहणार, वरून झाकणेच दिसणार, म्हणून तिने चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवल्या.

इथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. प्रयोगशाळेतल्या पहिल्याच तासाला क्षमा दरवर्षी फळ्यावर लिहिते, "चिठ्ठी बाटलीवर, झाकणावर कधीही नाही. झाकणे बदलतात." जो विसरेल त्याचे दोन मार्क ती कापते. सख्ख्या नणंदेचेही तिने कापले होते.

सिद्धी शाळेतून आली, सत्तावीस झाकणांकडे पाहत उभी राहिली.

"आई, तू खेळतेस गो, की प्रॅक्टिकल घेतेस?"

"आता सगळे चटकन सापडेल."

"पण सगळे गप्प झाले," सिद्धी म्हणाली. "आता ऐकू कसे येणार?"

हा प्रश्नच नाही, असे क्षमाने ठरवले.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. सुविधा, म्हणजे गौरेशची बहीण, मे महिन्यात मांद्रेला दिलेली. तिची सासरची पहिली चवथ. पहिल्या चवथीला माहेरून व्हजे जाते, म्हणजे नेवऱ्या, लाडू, नारळ, फळे यांनी भरलेली टोपली; आणि ती उघडताना सगळा वाडा, म्हणजे अख्खी आळी, पाहायला जमतो. चंद्रावतीबाईंनी एकशे एक्कावन्न नेवऱ्यांचा घाट घातला. एक्कावन्न मांद्रेला, शंभर घरी. त्यांच्या नेवरीत एकच मनुका असे, आणि ती त्या स्वतःच्या हाताने ठेवत.

त्यांना आपली बाटली खणात सापडली. चाळीस वर्षे वापरलेली बाटली ओळखायला घरच्या बाईला चिठ्ठी लागत नाही.

दुपारी नेवऱ्या तळून, मोजून फडक्याखाली झाकल्या गेल्या, आणि सिद्धीने बिजागऱ्या मागितल्या. क्षमाने खण उघडला. बाटली नव्हती. ती स्वयंपाकघरात ओट्यावर होती. आत चार मनुका आणि एक बिजागरी.

"आई, या बाटलीत काय होतं?" क्षमाने सासूबाईंना विचारले.

"मनुका गो. तळाक दोन सुकी उरली होती, तेच्यार नवी ओतलंय."

"त्या दोन..." क्षमा म्हणाली.

"दोन काय?"

"काही नाही."

हे तिचे त्या दिवसातले पहिले असत्य. चंद्रावतीबाई पाठीमागच्या दारी गेल्या, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला बांधायच्या फळांची जुळवाजुळव करायला. क्षमा एकशे एक्कावन्न नेवऱ्यांसमोर उभी राहिली.

फोडून पाहणे शक्य नव्हते. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात नेवरीचा तुकडाही कोणी मोडत नाही, आणि मांद्रेची टोपली तर तिथल्या देवासमोर उघडायची. वजन करून पाहिले; एका बिजागरीच्या वजनापेक्षा सासूबाईंच्या दोन मुठींतला फरक जास्त होता. हलवून पाहिले. सगळ्याच वाजल्या, कारण चांगली नेवरी वाजते. (बाल्दीला कान लावणारी मुलगी शेजारच्याच खोलीत होती. तिला विचारावे, हे क्षमाला सुचले नाही. विचारायचे तर आधी सांगावे लागले असते.)

उरला प्रयोग. तळणीत हे प्लास्टिक वितळते काय? वितळत असेल तर धोका वेगळा, नसेल तर वेगळा. थोडे पीठ उरले होते, चिमूटभर सारणही होते. क्षमाने खणातल्या बाटलीतून एक पिवळा ब्लॉक घेतला, त्याची नेवरी भरली, कडा नीट कातरली, तळली, आणि निवण्यासाठी एका बशीत वेगळी ठेवली. पद्धत निर्दोष होती. फक्त बशीवर चिठ्ठी लावायची राहिली, कारण तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, व्हजे कितीला पोचतं?" सुविधा विचारत होती. "मामंजी सकाळपासून नेवऱ्या नेवऱ्या करतायत. नवी कवळी बसवलीय ना, त्यांना तिची परीक्षा घ्यायचीय."

क्षमाला या वाक्याचा पूर्ण अर्थ लागायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई गे ऽ!"

गौरेश मुरगावहून आला होता. बॅग खांद्यावर, गालावर हात. त्याने तळहातावर थुंकलेल्या वस्तूंत तीन गोष्टी वेगळ्या करता येत होत्या: थोडे खोबरे, दाढेत भरलेले सिमेंट, आणि कोपरे वितळून बोथट झालेला एक पिवळा ब्लॉक.

चंद्रावतीबाई धावत आल्या. "नैवेद्याआधी तोंड घातलंस, मेल्या! देवान दाखवल्यान बघ!"

"अगो, एकटीच बशीत होती! मला वाटलं माझ्यासाठी ठेवलीय क्षमाने!"

"पंधरा वर्सां झाली लग्नाक, कधी ठेवल्यान तुज्यासाठी?"

या वादात सिद्धी दारात येऊन उभी राहिली होती. तिने बापाच्या तळहातावर वाकून पाहिले.

"हा माझ्या फेरीबोटीच्या केबिनचा," ती म्हणाली.

मग क्षमाने सगळे सांगितले. बाटली, बिजागरी, मनुका, प्रयोग. क्रम अचूक होता. मात्र प्रत्येक वाक्यात एक 'पण' होता. चूक झाली, पण खण खोल आहे. चिठ्ठी झाकणावर होती, पण चष्मा फ्रिजवर होता. ब्लॉक तळला, पण काळजीपोटी.

सिद्धीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "बिजागरी चुकून गेली," ती म्हणाली. "हा तू मुद्दाम तळलास. मला न विचारता."

ती खोलीत गेली. एकामागून एक सत्तावीस बाटल्या बाल्दीत रित्या होण्याचा आवाज आला. अख्ख्या शनिवारच्या वर्गीकरणाला उलटायला दीड मिनिट लागले. शेवटी दार लागले. जोरात नव्हे, हळूच, आणि क्षमाला तेच जास्त लागले.

"मांद्रेक काय एक सांगू नको," चंद्रावतीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पोरीची पयली चवथ. जल्मभर बोलतले."

"आणि व्याह्यांची कवळी?"

"देव राखतलो."

गौरेशने गाल धरूनच मान हलवली. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला.

संध्याकाळ व्हायच्या आत पोचायचे म्हणून ते निघाले. गाडी क्षमा चालवत होती, शेजारी गौरेश गालाला रुमाल लावून, आणि मागे आत्याला भेटायला म्हणून आलेली सिद्धी, टोपली मांडीवर घेऊन. खड्डा आला की नेवऱ्या वाजत. क्षमाला आरशातून दिसत होते, की सिद्धी दर वेळी टोपलीकडे कान झुकवते आहे. एकदा तिची मान थांबली. विचारावेसे वाटले, पण विचारण्याचा हक्क आपण त्या पिवळ्या ब्लॉकबरोबर तळला आहे, हे क्षमाला कळत होते. बाटल्या लावताना आपल्याला मुलगी हवी होती की नीटनेटकेपणा, असाही एक प्रश्न तिला पडला. आयुष्यात प्रथमच तिने एक प्रश्न पुढच्या वळणापर्यंत तसाच राहू दिला.

मांद्रेच्या घरी ओसरीवर वाडा जमला होता. सुविधाचे सासरे कृष्णनाथ, निवृत्त मुख्याध्यापक, मध्यभागी खुर्चीत. सुविधाने टोपलीवरचे फडके काढायला हात घातला, आणि क्षमा म्हणाली, "थांब."

गौरेशने डोळे मिटले.

"या नेवऱ्यांपैकी एखादीत प्लास्टिकचा तुकडा असू शकेल. मनुक्याएवढा, तपकिरी. एकूण एकशे एक्कावन्न, त्यांतल्या एक्कावन्न इथे; म्हणजे शक्यता चौतीस टक्के. मुलीचा ब्लॉक मी तिला न विचारता बाटलीत ठेवला, आणि चिठ्ठी झाकणावर लावली. चूक माझी आहे."

कृष्णनाथांनी जिभेने नवी कवळी चाचपली.

"वहिनी!" सुविधाचा आवाज चिरकला. "तुम्ही? चिठ्ठी झाकणावर? माझे दोन मार्क कापले होते त्याला! माझा फर्स्ट क्लास गेला होता!"

पहिल्यांदा कृष्णनाथ हसले, आणि मग हसण्याला वाड्याची परवानगी मिळाली.

"म्हणजे सहासष्ट टक्के तुमच्याच घरात आहे, बाई," ते म्हणाले. "तेव्हा आमच्यापेक्षा तुम्हीच जपून खा."

परतताना पेडण्याच्या अलीकडे मागून आवाज आला. "आई, तू या वेळी 'पण' म्हटलं नाहीस."

"नाही म्हटलं."

सिद्धी पुढे सरकून दोन सीटांच्या मधे आली.

"उद्या ये. चादरीवर बसायचं. बाटली आणायची नाही."

"आणि काय करायचं?"

"ऐकायचं."

फेरीबोट चवथीच्या दिवशी पूर्ण झाली. फाळका एकाच बिजागरीवर तिरका उघडतो. ओहोटीला असाच लागतो, असे सिद्धी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. केबिनच्या छपरावर कोपरे बोथट झालेला पिवळा ब्लॉक आहे. तो तिने टाकून दिला नाही. घरच्या शंभर नेवऱ्या संपल्या. क्षमाने आपल्या वाट्याच्या परीक्षकाच्या सावधपणाने चावल्या. काही सापडले नाही. त्यांतल्या काही शेजारच्या कमलाक्षीकडे गेल्या होत्या, तिच्याकडे चौकशी केली, तिथेही नाही. (गौरेशने नेवरीला हात लावला नाही. त्याची दाढ पुन्हा भरून झाली आहे.)

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी कृष्णनाथांचा फोन आला.

"नेवऱ्या उत्तम होत्या. एक्कावन्नच्या एक्कावन्न संपल्या, कोणालाही काही लागलं नाही," ते म्हणाले. "एक मनुका मात्र फार चिवट होती. कवळी जपायची म्हणून चावत बसलो नाही. गिळली."

"यंदाची मनुकाच सगळी चिवट होती," चंद्रावतीबाईंचे मत पडले, आणि ते खोडून काढण्यासारखा पुरावा कोणाकडेच नव्हता. कारण बाटलीत उरलेल्या चारही मनुका क्षमाने त्या दिवशी, विचारांच्या नादात, खाऊन टाकल्या होत्या. कशा लागल्या, हे तिला आठवत नाही.

ती बाटली आता सिद्धीच्या खिडकीत असते. तिच्यावर सिद्धीने स्वतः चिठ्ठी चिकटवली आहे: 'बिजागरी नंबर दोन. कुठे आहे माहीत नाही.' क्षमाने ती चिठ्ठी दोनदा तपासली. मजकूर अचूक आहे. जागाही अचूक आहे. काचेवर, झाकणावर नव्हे.

बाटली रिकामी आहे.