कोल्हारचे एकशे सदुसष्ट एक्स-रे

आलिया शेखला शंभर माणसं हवी होती. जिवंत, दोन पायांवर उभी राहणारी आणि कागदावर सही करायला तयार असलेली. पहिल्या दोन अटी कोल्हारात सहज पुऱ्या होण्यासारख्या होत्या. घोटाळा केला तो तिसरीने.

नगरच्या एका कॉलेजात एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा करणारी आलिया शेवटच्या प्रात्यक्षिकात दोन मार्कांनी नापास झाली होती. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली. पण परीक्षेत समोर खराखुरा माणूस उभा केला आणि छातीच्या एक्स-रेसाठी त्याला नीट उभं करायला सांगितलं, तेव्हा ती त्याला म्हणाली, "जमत असेल तर जरा सरळ उभं राहता का?" गृहस्थ सज्जन होते. जमतं, हे सांगायला ते मागे वळले. मग तिने हनुवटी वर घ्यायची विनंती केली, तेव्हा किती वर, हे विचारायला पुन्हा वळले. परीक्षक सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की हा पेशंट एक्स-रेला उभा आहे की पाहुण्यांना निरोप द्यायला.

छातीच्या एक्स-रेला माणूस तिरका चालत नाही. तिरका उभा राहिला की एक फुप्फुस जास्त काळं दिसतं, दुसरं जास्त पांढरं, आणि नसलेल्या रोगाचा शोध सुरू होतो. फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी होती. तीत घसरली असती तर वर्ष गेलं असतंच, शिवाय नगरच्या एका दवाखान्याने तोंडी कबूल केलेली नोकरीही गेली असती. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी उपाय सांगितला: गावी जा, शंभर माणसं उभी कर आणि प्रत्येकाची सही आण. सही कशाला, तर नाहीतर ही पोरगी घरातल्या चौघांनाच पंचवीस-पंचवीस वेळा उभं करील.

आलियाचे वडील शमशेरभाई यांचं कोल्हारात शिलाईचं दुकान. नेहरू शर्ट आणि पायजमे शिवण्यात त्यांची हयात गेली. लेकीने दुकानाच्या मागच्या भिंतीवर छातीच्या उंचीला पत्र्याचा एक चौकोनी तुकडा टांगला, ही तिची एक्स-रेची प्लेट. अब्बांच्या टेपने तिथून सहा फूट मोजले आणि कपडे टांगायच्या दांडीला बॅटरी बांधली, हे यंत्र. बॅटरीचा उजेड पाठीच्या बरोबर मध्यावर पडायला हवा होता. किरण वगैरे काही नव्हतं. होता तो उजेड, आणि तोही सेल नवे असेपर्यंत.

शमशेरभाईंनी अर्धा तास हा खटाटोप पाहिला आणि मग एकच सूचना केली. "टेप लावला की माणूस खोटा होतो, बेटा. पोट आत घेतो, छाती फुगवतो. मी त्याला उसाचं विचारतो, सोयरिकीचं विचारतो. तो बोलायला लागला की खरा होतो, तेवढ्यात माप घ्यायचं." आलियाने ते वहीत लिहून घेतलं. तिच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता.

पहिल्या आल्या कडूबाई. मुलाच्या पँटी उंचीला कमी करायला आणल्या होत्या. आलियाने त्यांना सांगितलं, की हा सराव आहे, यात फोटो निघत नाही, रोग कळत नाही, फक्त उभं राहायचं. कडूबाईंनी पदर खोचला. आलियाने त्यांच्या हाताचे पंजे उलटे करून कमरेवर ठेवले, कोपरं पुढे ढकलली, हनुवटी पत्र्याच्या वरच्या कडेला टेकवली आणि अब्बांचं ऐकून विचारलं, "मावशी, कुठं दुखतं का हो?"

कडूबाईंनी सांगायला सुरुवात केली. उजव्या खांद्यापासून निघून त्या गुडघ्यापर्यंत आल्या, वाटेत थोरल्या सुनेकडे थांबल्या, आणि जुन्या खोकल्याला वळसा घालून परत खांद्यावर पोचल्या. त्या बोलत असताना खांदे आपोआप सैल पडले. आलियाने श्वास घ्यायला सांगितला, धरायला सांगितला, सोडायला सांगितला. मग वही पुढे केली. कडूबाईंना सही येत नव्हती. शमशेरभाईंकडे शाईचं पॅड होतं. कडूबाईंनी अंगठा उठवला.

इथे कोल्हारची गोष्ट फिरली. आपल्याकडे अंगठा फुकट उठवला जात नाही. ज्या वहीवर अंगठा उठतो, त्या वहीमागे कुठली तरी योजना असते, हे गावाला अनुभवाने माहीत आहे. संध्याकाळच्या आत कडूबाईंच्या शाईभरल्या बोटाची चौकशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलेल्या शमशेरभाईंना पायरीवर अकरा माणसं बसलेली दिसली. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स होती.

आलियाने अकराही जणांना समजावलं. ही योजना नाही, शिबिर नाही, ही बॅटरी आहे. अकराही जणांनी मान डोलावली. योजनेची माणसं सुरुवातीला हेच म्हणतात, हाही अनुभवच.

तिसऱ्या दिवशी गोरक्षनाथ नानांनी व्यवस्था हातात घेतली. नाना साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या हजेऱ्या मांडल्यामुळे त्यांना विस्कळीत गर्दी पाहवत नसे. त्यांनी पुठ्ठ्याचे नंबर कापले, बायकांची रांग वेगळी केली आणि दारात खुर्ची टाकली. आलियाने त्यांनाही सांगून पाहिलं.

"नाना, मला फक्त शंभर माणसं पाहिजेत. परीक्षेपुरती."

"व्हय. पन वरच्या आळीची तपासनी अजून सुरूच न्हाई. त्यांना काय सांगू मी?"

शंभरावा अंगठा चौथ्या दिवशी दुपारीच उठला होता. वरच्या आळीवर अन्याय नको म्हणून काम पुढे चालू राहिलं. बॅटरीचे सेल नानांनी वर्गणीतून बदलले. पत्रा गरम होतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याला ओलं फडकं लावण्यात आलं. एका माणसाने शर्टासाठी आणलेलं कापड तसंच ठेवून आधी नंबर लावला, तेव्हा शमशेरभाईंनी पहिल्यांदा धंद्याची काळजी व्यक्त केली, पण हळू आवाजात.

या सगळ्यात आलियाच्या बाबतीत एक गोष्ट घडत होती, ती तिच्या लक्षात आली नाही. बाहेर चाळीस माणसं बोलत असताना आत "जमत असेल तर" म्हणून भागत नाही. पहिल्या दिवशीचं "उभं राहता का" तिसऱ्या दिवशी "उभे राहा" झालं, आणि सहाव्या दिवशी "हलू नका" असं ती एकदाच म्हणाली, तेव्हा बाहेरची रांगसुद्धा हलायची थांबली. तरी कुठं दुखतं हे विचारायचं मात्र तिने सोडलं नाही.

एकशे सदुसष्टाव्या अंगठ्यानंतर तिने पत्रा उतरवला. आता गाव दुसऱ्या टप्प्यात गेलं, म्हणजे रिपोर्ट. रिपोर्ट नाहीत, हे तिने नानांना सांगितलं. ते घरी गेले आणि त्यांनी कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज लिहिला. कोल्हार येथे आपल्या संस्थेच्या विद्यार्थिनीने एकशे सदुसष्ट नागरिकांचे छातीचे एक्स-रे काढले असून अद्याप एकाचाही अहवाल प्राप्त झालेला नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. आलियाविषयी त्यांच्या मनात काही नव्हतं. विषय निघाला की अर्ज करायचा, ही त्यांची सवय.

फेरपरीक्षेच्या सकाळी तो अर्ज परीक्षक सरांच्या टेबलावर होता. परवानगी नसताना मुलीने शिबिर भरवलं असेल तर तिला परीक्षेला बसवायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा, असं प्राचार्यांनी त्यांना सांगितलं होतं. सरांनी पुढे केलेला अर्ज आलियाने वाचला. आपण बॅटरी वापरली, हे सांगून पाहावं, तर बॅटरीने लोकांना फसवलं, असाच त्याचा अर्थ निघणार होता. दवाखान्याची नोकरी तिला खोलीच्या दारातून बाहेर जाताना स्पष्ट दिसली.

दारातून आत आले ते नाना आणि कडूबाई. परीक्षेच्या दिवशीच सुनावणी असल्यास अर्जदार हजर असावा, या हिशेबाने नाना पहिल्या एसटीने निघाले होते, आणि साक्षीदार म्हणून त्यांनी पहिला अंगठा बरोबर आणला होता.

सरांनी कडूबाईंना बसायला सांगितलं आणि विचारलं, की तुमचा एक्स-रे कशावर काढला.

"ब्याटरीवर."

"बॅटरीवर एक्स-रे निघतो असं हिने सांगितलं?"

"न्हाई ओ. निघत न्हाई म्हनून सांगितलं की. शंभरदा सांगत हुती बिचारी."

"मग तुम्ही लोक रांगेत कशाला उभे राहिलात?"

कडूबाईंनी सरांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "सायेब, दवाखान्यात गेलं की समदे कागदाकडं बघत्यात. ही पोरगी खांद्याला हात लावून इचारायची, कुठं दुखतंय म्हनून. आन् सांगून हुईस्तवर थांबायची."

नानांनी घसा साफ केला. ते म्हणाले, की ते सगळं खरं, पण नियमाने रिपोर्ट द्यायला पाहिजे.

सरांनी अर्जाची घडी करून तो बाजूला ठेवला. मग त्यांनी आलियाला सांगितलं, की या बाईंनाच उभं करून दाखव. आलियाने तोंड उघडायच्या आत कडूबाई यंत्रासमोर गेल्या, पदर खोचला, पंजे उलटे करून कमरेवर ठेवले, कोपरं पुढे ढकलली, हनुवटी वर टेकवली आणि छाती भरून श्वास घेऊन थांबल्या. सरांनी चारी बाजूंनी पाहिलं. चूक नव्हती. या परीक्षेत कडूबाई पास आहेत, पण मार्क त्यांना देता येत नाहीत, असं सर म्हणाले आणि स्वतःच यंत्रासमोर उभे राहिले. उभे राहिले ते मुद्दाम तिरके, एक खांदा पाडून, आणि लगेच मागे वळून विचारू लागले, की हे यंत्र कुठल्या कंपनीचं.

"बोलू नका. समोर बघा," आलिया म्हणाली.

सर समोर बघू लागले. तिने त्यांचा पडलेला खांदा वर घेतला, आणि सवयीने विचारून गेली, "कुठं दुखतं का?" परीक्षेत हा प्रश्न नव्हता. सर म्हणाले, की मानेत, चार वर्षं झाली, सारखं खाली बघून पेपर तपासावे लागतात, घरी कुणाला सांगितलेलं नाही. सांगता सांगता खांदे सैल पडले. ते संपेपर्यंत आलिया थांबली. मग तिने "श्वास घ्या" म्हटलं, "धरा" म्हटलं, काचेच्या आड जाऊन आली आणि "सोडा" म्हटलं. यंत्र बंदच होतं. सरांनी मार्क लिहिले आणि कागद उलटा ठेवला, पण कडूबाईंना वाचता येत नसल्यामुळे त्यांनी तो निःसंकोच सुलटा केला, आणि आलियाला आकडा दिसला.

कडूबाईंच्या खोकल्याचं सरांनी मनावर घेतलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली आणि खरा एक्स-रे काढायला लावला. फुप्फुसात थोडं पाणी निघालं, औषधाने जाण्यासारखं. खरा एक्स-रे मात्र कडूबाईंना पसंत पडला नाही. दोन मिनिटांत उरकला, कुणी काही विचारलं नाही, असं त्या परतीच्या एसटीत नगरपासून राहुरीपर्यंत सांगत होत्या.

आठवड्याने नानांच्या नावे कॉलेजचं पत्र आलं. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, कोल्हार येथील एकशे सदुसष्ट नागरिक तपासणीअंती सरळ उभे राहू शकतात असे आढळून आले आहे. खाली सही, शिक्का. नानांनी पत्राला प्लास्टिक चढवून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं, आणि गावाचं समाधान झालं.

नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दुपारी आलिया दुकानात बॅग भरत होती. रांग नव्हती. नाना आले, शमशेरभाईंच्या मशीनजवळ उगाच उभे राहिले, पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "माझा राह्यलाय."

आलियाने वही काढून शोधलं. एकशे सदुसष्ट नावांत त्यांचं नाव खरंच नव्हतं. त्यांनी दारातली खुर्ची सोडलीच नव्हती. वही पुढे करावी म्हणून ती शाईचं पॅड उघडू लागली, तर नाना म्हणाले, की राहू दे, नोंद नको.

शमशेरभाईंनी मशीन थांबवलं आणि चहा सांगायला बाहेर गेले. आलियाने पत्रा पुन्हा टांगला. नानांनी टोपी काढून हातात घेतली, मग कुठे ठेवावी ते न सुचून तिच्याकडे दिली. हनुवटी त्यांनी बरोबर टेकवली. कोपरं मात्र पुढे येईनात.

"नाना, कुठं दुखतं?"

नानांनी मान वळवली नाही. पत्र्याकडेच बघत म्हणाले, "तसं एका जागी न्हाई, पोरी."

आलियाने हातातली टोपी कपाटावर ठेवली आणि स्टूल ओढून बसली.