लग्नाच्या बीअरची दुरुस्ती

माणूस चुकतो आणि मग चूक दुरुस्त करतो. जगातलं बहुतेक नुकसान या दुसऱ्या क्रियेत होतं.

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गृह-बीअर मंडळाला हे मान्य नाही, म्हणून तर मंडळ टिकून आहे. घरी बीअर करताना होणाऱ्या चुकांमध्ये हॉप घालण्यातली चूक सर्वात प्रतिष्ठित मानली जाते. हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. तासभर उकळली तर कडूपणा देतात, शेवटी पाच मिनिटं टाकली तर नुसता सुगंध. जिन्नस तोच, वेळ चुकली की अत्तराचा काढा होतो. मंडळाच्या पाहणीनुसार बावीसपैकी एकवीस सभासदांच्या हातून अशी चूक कधीच झालेली नाही. बाविसाव्याने झाल्याचं कबूल केलं. (तो आता वाइन करतो.)

व्हर्लिन टोलफसन हे आमचे ज्येष्ठ सभासद. एकुलत्या एका मुलीच्या, म्हणजे कॅरिनच्या, जूनमधल्या लग्नात दुकानची बीअर येणार नाही, असं त्यांनी भर जेवणात उभं राहून जाहीर केलं होतं. तेही व्याह्यांसमोर. बाटल्यांवर चिकटवायला 'कॅरिनची सौम्य' अशी लेबलंही छापून आली होती.

मार्चमध्ये त्यांनी गॅरेजात पातेलं चढवलं. नवी बीअर उकळताना मागची प्यायची, ही आमची परंपरा. ती त्यांनी निष्ठेने पाळली आणि शेवटी टाकायची सगळी फुलं सुरुवातीलाच टाकली.

बीअर तयार झाल्यावर त्यांच्या पत्नी डोरीन म्हणाल्या, "बागेत बशीत ठेवून बघितली रे. एरवी बीअरच्या वासाने धावत येणाऱ्या गोगलगायी वळसा घालून गेल्या."

"बाबा, दुकानातली आणू या ना," कॅरिन म्हणाली. "कोणाला कळणारे?"

"तुझ्या सासऱ्याला."

"ते काहीही पितात, बाबा."

"म्हणूनच तर! दुकानातली प्रत्येक बीअर त्याच्या ओळखीची आहे."

मंडळाची तातडीची सभा भरली. अशा प्रसंगी विहित उपाय तीन. पहिला, थांबणे. कडूपणा वर्षभरात उतरतो, सबब लग्न वर्षभर पुढे न्यावं, अशी सूचना आली. (वधूपक्षाने सहकार्य केलं नाही.) दुसरा, पाणी घालणे, पण हे शब्द कामकाजातून वगळण्यात आले आहेत. तिसरा, आणि सर्वाधिक यशस्वी, म्हणजे नाव बदलणे. कडू झाली तर ती पश्चिम किनाऱ्याच्या पद्धतीची, फिकी झाली तर जुनी जर्मन आणि आंबली तर बेल्जियन. (बेल्जियमने अद्याप हरकत घेतलेली नाही.) पण लेबलं आधीच छापलेली असल्याने हा मार्गही बंद होता.

शेवटी अध्यक्ष ड्वेन झॅस्ट्रो म्हणाले, "बिनहॉपची एक कर, हिच्यात मिसळ, की झालं. एवढं तोंड काय पाडतोस!"

व्हर्लिननी बिनहॉपची चढवली. परंपरेनुसार ती उकळताना मागची पिणं भाग होतं, आणि मागची म्हणजे तीच कडू. त्या जिभेला नवी अर्थातच मिळमिळीत लागली. म्हणून चिमूटभर फुलं टाकली. मग मूठभर. आता दोन कडू बीअर झाल्या. दोन कडूंना उतारा दुप्पट हवा, म्हणून चर्चमधलं सुपाचं पातेलं आणलं गेलं. या वेळी डोरीननी फुलांची पिशवी गाडीत कुलूपबंद करून ठेवली, आणि सरतेशेवटी खरोखर बिनहॉपची बीअर तयार झाली. ती पातळ खिरीसारखी गोड होती.

तिन्ही मिसळल्या. कडू अधिक गोड बरोबर सौम्य, असं शास्त्र सांगतं. प्रत्यक्षात आधी कडू लागायची, मग गोड. दोघी एकाच घोटात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मूळ चूक जेमतेम दोन टेबलांना पुरली असती. आता ती एकशे चाळीस पाहुण्यांना पुरेल एवढी झाली होती.

लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी पहिला घोट घेतला, गिळला आणि म्हणाले, "वेगळीच आहे."

आमच्याकडे 'वेगळीच आहे' यापुढे निंदेला शब्द नाही. यापुढे थेट वकील. व्हर्लिनचा चेहरा उतरला. हातातला ग्लास त्यांनी हळूच फुलदाणीमागे ठेवला.

कॅरिनने ते पाहिलं. तिने तो ग्लास उचलला, डोळे न मिटता एका दमात संपवला आणि पुढे केला. "बाबा, अजून दे. अशी तर तू कधीच केली नव्हतीस."

यात खोटं काहीच नव्हतं. नवरी पितेय म्हटल्यावर नवऱ्याला प्यावी लागली, नवरा पितोय म्हटल्यावर त्याच्या बापाला, आणि मग सभागृहात कोणालाच सुटका उरली नाही. केक कापायच्या आत एकही बाटली शिल्लक नव्हती. व्हर्लिन रुमालाने डोळे टिपत प्रत्येकाला सांगत होते, की नातवाच्या बारशाला हीच करणार, दुप्पट.

कॅरिनला हसू नका. वाईट बीअर एकटा माणूस करू शकतो. ती कायमची करायला प्रेमाची माणसं लागतात. तुम्हीही अलीकडेच कोणाच्या तरी घरी काहीतरी कसंबसं गिळून "वा! अजून वाढा" म्हणाला आहात. त्यांनी ते लक्षात ठेवलंय. पुढच्या रविवारी जेवायला बोलावणार आहेत, आणि तुम्हाला आवडतं म्हणून डबाही भरून देणार आहेत.