लहानूची पक्की रेघ

"रेघ पुसली गेली तं काय करू?"

दवाखान्यात लहानूने विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर त्याला कोणीच दिलं नाही. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते. कंपाउंडर गोळ्या बांधत होता. आणि ज्याच्या पायावर ती रेघ होती तो थोरला भाऊ देवाजी म्हणाला, "चाल ना बे, ड्युटी हाय तुही."

प्रकरण एवढंसं होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, पहिल्या भट्टीच्या बांधकामावर देवाजीला नवे गमबूट मिळाले. ते नडगीवर घासले, तिथे फोड आला. मथुरावहिनीने कांद्याचं पोटीस बांधलं. पण वाट पाहणं लहानूला जन्मात जमलं नव्हतं. त्याने सेफ्टी पिनेने फोड फोडून टाकला. (पिन शर्टाला पुसून घेतली होती. स्वच्छतेत तो कमी नव्हता.) दुसऱ्या दिवशी पाय लालभडक.

डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि लालीभोवती जांभळ्या पेन्सिलीने रेघ ओढली. म्हणाले, जंतू कातडीखाली पसरतात. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच घडीला आणा, नाहीतर पाचव्या दिवशी.

संध्याकाळी लहानूने गरम पाण्याने पाय धुतला. रेघ गेली.

लहानू दुसरी नापास, पण कामाला चोख. लोखंडी प्लेटा जिथे कापायच्या तिथे खडूने रेघ मारायची, ही त्याची नोकरी. आणि फोरमनचा नियम एकच, पुसलेली रेघ साहेब यायच्या आत परत मार. त्याने परत मारली. लाली जिथे संपत होती, बरोब्बर तिथे.

दुसऱ्या दिवशी घामाने पुसली, परत मारली. तिसऱ्या दिवशी रेघ गुडघ्यावर होती.

"भाऊजी, बाहेर तं नाही ना गेली?" वहिनी चुलीजवळून विचारायची.

"आतच हाय, वहिनी. सुताएवढीही बाहेर नाही."

"लहान्या," देवाजी तापात कण्हला, "काल तं खाली होती ना बे?"

"मंग? रेघही आलीच ना तिच्यासंगं!"

देवाजीला हसू आलं. त्यानंतर तो हसला नाही.

खडू टिकेना, म्हणून लहानूने प्लांटवरून पांढरा ऑइलपेंट आणला. पाचव्या दिवशी भावाला सायकलच्या कॅरियरवर बसवून, गमछ्याने स्वतःच्या पाठीशी बांधून नेलं. डॉक्टरांनी धोतर वर सारलं. मांडीवर पांढरी ठसठशीत रेघ.

"ये लाइन किसने खींची?"

"मीच जी," लहानू छाती काढून म्हणाला. "तुमची तं धुतल्याबरोबर गेली."

डॉक्टरांनी रेघेवरून बोट फिरवलं. लाली पुरती तिच्या आत होती.

विष रक्तात भिनलं होतं. देवाजी दोन दिवसांनी गेला.

अंगणात शेवटची आंघोळ घालताना रेघ निघेना. पाणी झालं, साबण झाला, राख झाली. दारातून वहिनी म्हणाली, "यायले असं रंगवलेलं कसं नेता?" एवढंच म्हणाली. लहानूची रेघ दुपारपर्यंतही टिकत नाही, असं फोरमन नेहमी म्हणायचा. ही टिकली. शेवटी त्याने कंदिलातलं सगळं रॉकेल चिंधीवर ओतलं आणि मांडी घासघासून कोरी केली.

देवाजीला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी लहानूनेच दिला. चिता पहिल्याच काडीला धडधडून पेटली.

"पुण्यवान माणूस," खांदेकरी म्हणाले.

रॉकेलचं लहानूने कोणाला सांगितलं नाही.